सिलेंडर कोणी उचलायचा? रुग्णालयातला धोका आणि आपण

घरातले एक माणूस ॲडमिट झाले की त्याच्यामागे आणखी दोघेतिघे ॲडमिट झाल्यासारखेच असतात. परळचे केईएम असो, मुंबई सेंट्रलचे नायर असो की भायखळ्याचे जे. जे., चित्र सारखेच. एक जण केसपेपरच्या रांगेत, एक जण रक्ताचा नमुना घेऊन लॅबकडे, एक जण चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलवर. स्ट्रेचर ढकलायला मामा सापडला नाही तर मुलगाच ढकलतो. सलाईनची बाटली धरायला स्टँड नसेल तर सून हात वर करून उभी राहते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आपल्या माणसासाठी करायचे नाही तर कोणासाठी करायचे?

२७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण असाच नात्यातल्या रुग्णासोबत होता. रुग्णाला एमआरआयसाठी न्यायचे होते, सोबत ऑक्सिजनचा सिलेंडर होता. तो सिलेंडर त्या तरुणाच्या हातात आला. मशीन बंद आहे असे आम्हाला सांगितले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. पण एमआरआय म्हणजे एक प्रचंड ताकदीचा लोहचुंबक. तपासणी चालू नसली तरी तो चुंबक चालूच असतो. मशीनने लोखंडी सिलेंडर आणि त्याला धरलेला तरुण, दोघांनाही खेचून घेतले. सिलेंडरमधला ऑक्सिजन सुटला आणि त्या तरुणाचा जीव गेला. भेटायला आलेला माणूस गेला. पुढे एक डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक महिला कर्मचारी यांना अटक झाली.

या घटनेवर वस्तीत बोलताना पहिला प्रश्न येतो, “चूक कोणाची?” प्रश्न बरोबरच आहे, उत्तर मिळालेच पाहिजे. पण आम्ही वॉर्डात अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठेवतो: हे होऊ शकले कसे? सिलेंडर नेण्याचे काम नातेवाइकाकडे का आले? एमआरआयच्या दारावर अंगावरचे, हातातले लोखंड तपासायला कोण होते? चुंबक कधीच बंद नसतो, हे तिथल्या प्रत्येक माणसाला शिकवले होते का? दारावरची पाटी आपल्या भाषेत, चित्रासह होती का? पहिल्या प्रश्नाने एखाद्याला शिक्षा होते. दुसऱ्या प्रश्नाने पुढचा माणूस वाचतो. रुग्णालयांनी हा दुसरा प्रश्न रोज, काही घडण्याच्या आधीच विचारायचा असतो. यालाच धोका व्यवस्थापन म्हणतात.

ताडपत्रीचे थर

पावसाळ्यात आपण छपरावर ताडपत्री टाकतो. एका ताडपत्रीला कुठेतरी भोक असतेच, म्हणून वर दुसरी टाकतो, तिसरी टाकतो. प्रत्येकीला भोके असतात, पण जागा वेगवेगळ्या, म्हणून पाणी कुठेतरी अडते. ज्या दिवशी तिन्ही ताडपत्र्यांची भोके एका रेषेत येतात, त्या दिवशी घरात धार लागते. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांचे उदाहरण देऊन हीच गोष्ट जगभरच्या रुग्णालयांना समजावली. माणूस चुकणारच. थकलेला, सलग ड्यूटी केलेला माणूस तर जास्तच चुकणार. म्हणून एकाची चूक दुसऱ्या थराला अडेल अशी रचना करायची.

प्रत्यक्षात हे काम पाच पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी, धोका ओळखणे. वॉर्डात फेरी मारून कुठे काय होऊ शकते याची यादी करायची. ओल्या फरशीवर म्हातारा माणूस पडेल. दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसतात. बाहेर जायच्या वाटेत जुन्या खाटा रचून ठेवल्या आहेत.

दुसरी, धोका मोजणे. तो किती वेळा घडू शकतो आणि घडला तर किती नुकसान करील, या दोन्हीला गुण देतात आणि त्यांचा गुणाकार करतात. खाटेवरून पडणे वरचेवर होते. चुकीच्या गटाचे रक्त चढणे क्वचित होते, पण जिवावर बेतते. दोन्ही धोके यादीत वर असतात, पण कारणे वेगळी.

तिसरी, आडकाठी घालणे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘सावध राहा’ ही पाटी सगळ्यात कमजोर आडकाठी. धोक्याची वस्तूच तिथून हलवणे ही सगळ्यात मजबूत. एमआरआयच्या खोलीत लोखंडी सिलेंडर नेऊ नका, असे लिहिण्यापेक्षा त्या भागात चुंबकाला न चिकटणारा सिलेंडरच ठेवायचा आणि बाकीचे दारापलीकडे येऊच द्यायचे नाहीत.

चौथी, नोंद करणे. जे घडले त्याची आणि जे घडता घडता राहिले त्याचीही.

पाचवी, मूळ कारण शोधून बदल करणे आणि तो बदल टिकला की नाही हे पुन्हा जाऊन पाहणे.

आमची एक न केलेली नोंद

चौथ्या पायरीवर गाडी अडते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. नोकरीचे दुसरे वर्ष, रात्रपाळी, चाळीस खाटांचा वॉर्ड आणि सिस्टर दोघी. इंजेक्शन पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरचे ॲम्प्यूल घ्यायचे होते. ट्रेमधून उचलले, मान मोडली, सिरिंजमध्ये भरले आणि सवयीने नाव वाचले. ते पोटॅशियम क्लोराईड होते. हे औषध पातळ न करता एकदम शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. दोन्ही ॲम्प्यूल दिसायला सारखी, ट्रेमध्ये शेजारी शेजारी. सिरिंज टाकून दिली. हातपाय थंड पडले होते.

आम्ही ते कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मेमो मिळाला असता, आणि आमच्या आडनावाकडे पाहून “हे असेच” म्हणणारेही होतेच. महिन्याभराने शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या हातून तेच होता होता राहिले. ती बोलली. तिच्या इन्चार्ज सिस्टर शहाण्या होत्या. त्यांनी तिला रागावण्याऐवजी ते औषध ट्रेमधून उचलले आणि कुलपाच्या कपाटात वेगळ्या डब्यात ठेवले, वर लाल चिठ्ठी लावली. काम पाच मिनिटांचे होते. आम्ही गप्प बसलो म्हणून ते महिनाभर रखडले. त्या महिन्यात एखादा जीव गेला असता तर? तो विचार अजून पाठ सोडत नाही.

म्हणून जाणकार सांगतात की नोंद करणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा वेगळा, आणि दोन सारख्या बाटल्यांत झालेली फसगत वेगळी. दोन्हीला एकच काठी लावली तर सगळे गप्प होतात आणि भोक तसेच राहते.

जे. जे.ची जुनी जखम

ज्यांची डोकी आता पांढरी झाली आहेत त्यांना १९८६ आठवत असेल. त्या वर्षाच्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल हे औषध देतात. त्या साठ्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. रुग्णांच्या किडन्या निकामी झाल्या. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाच्या अहवालाने औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत बोट दाखवले, आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

बाटली रुग्णाच्या तोंडाला लावणारी सिस्टर होती, पण विष तिने मिसळले नव्हते. ते खरेदीच्या कागदातून, तपासणीच्या ढिलाईतून वॉर्डापर्यंत आले होते. ताडपत्रीचा प्रत्येक थर फाटलेला होता. हेच द्रव्य अमेरिकेत १९३७ साली एका औषधातून शंभरावर माणसे मारून गेले होते. म्हणजे धोका जगाला माहीत होता, पण तो अडवायची व्यवस्था इथे जागी नव्हती. म्हणूनच प्रत्येक औषधाचा बॅच नंबर लिहिणे, एकाच औषधानंतर दोन-तीन रुग्णांना सारखाच त्रास झाला तर सगळा साठा तत्काळ बाजूला काढणे, हे क्षुल्लक कारकुनी काम नाही. औषधाचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी देशात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. नोंद फक्त डॉक्टरच करतात असे नाही, रुग्णही करू शकतो.

यंत्र आणि आग

नोव्हेंबर २०१९ मध्ये केईएममध्ये लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात ईसीजी यंत्राजवळ शॉर्टसर्किट होऊन आग लागली. दोन महिन्यांचे बाळ भाजले, त्याचा हात काढावा लागला आणि काही दिवसांनी ते गेले. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान ११ रुग्ण गेले.

या कक्षांत यंत्रे दिवसरात्र चालतात, ऑक्सिजन असतो, आणि रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. म्हणून यंत्रांची ठरलेल्या मुदतीत तपासणी, वायरिंगवर किती भार आहे याची मोजणी, धूर ओळखणारी घंटा, मोकळी वाट, आणि आग लागल्यावर कोणी कोणाला उचलायचे याची रंगीत तालीम, हे सगळे धोका व्यवस्थापनात येते. फायर ऑडिट नुसते कागदावर असून भागत नाही. तालीम झालेली नसेल तर रात्री दोन वाजता किल्ली कोणाकडे आहे हेसुद्धा सापडत नाही.

चेकलिस्ट नावाचे साधे हत्यार

प्रत्येक सुधारणेला कोटी रुपये लागतात असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी एका पानाची चेकलिस्ट तयार केली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तीन वेळा थांबायचे. रुग्ण हाच ना? ऑपरेशन हेच ना? बाजू उजवी की डावी? कशाची ॲलर्जी? वापरलेले गॉज आणि अवजारे मोजून पूर्ण भरली का? दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते.

औषध देतानाही पाच गोष्टी बरोबर आहेत का ते पाहायचे: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. यात रुग्णाची ओळख पहिली. आपल्याकडे एकाच वॉर्डात तीन कांबळे, दोन जाधव आणि दोन गायकवाड सहज असतात. “तुम्ही कांबळे ना?” असे विचारले तर गुंगीतला माणूस “हो”च म्हणतो. म्हणून “पूर्ण नाव सांगा” असे विचारायचे आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे.

इथे आपल्या घरांसाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. काही जण केसपेपरवर खरे आडनाव सांगायला कचरतात, वेगळेच सांगतात. त्यामागची कळ आम्हाला माहीत आहे. पण एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे झाले की रिपोर्टची अदलाबदल होते. काही जण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी भावाचे किंवा जावेचे कार्ड चालवतात. मग रक्तगट, ॲलर्जी, जुना आजार, सगळे दुसऱ्याच्या नावावर जाते. पुढच्या वेळी तो भाऊ ॲडमिट झाला की ही चुकीची माहिती त्याच्यापुढे येते. पैशांची अडचण असेल तर समाजसेवा अधिकाऱ्याकडे जा, पण नाव आपलेच लावा.

खालच्या माणसावर ढकलू नका

आपल्या वस्त्यांत रुग्ण आहेत तसे रुग्णालयाचे कामगारही आहेत. मामा, मावशी, सफाई कामगार, कंत्राटावरची मुले. काही घडले की पहिली कुऱ्हाड बहुतेक वेळा यांच्यावर पडते. ज्याला एमआरआयचे प्रशिक्षण दिले नाही, ज्याच्यावर तीन जणांचे काम आहे, त्याला निलंबित केले की फाईल बंद होते. रिकामी पदे रिकामीच राहतात, आणि सिलेंडर पुन्हा नातेवाइकाच्या हातात येतो.

या कामगारांचा स्वतःचा धोकाही मोठा आहे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच कळवा. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस कंत्राटी कामगारालाही मिळाले पाहिजेत. मिळाले नसतील तर लेखी मागा. आणि सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच जायला हव्यात, काळ्या पिशवीत नाही. त्या पिशवीची गाठ बांधणारा हात आपल्याच कोणाचा तरी असतो.

मग आपण काय करायचे?

१. एका वहीत सगळे लिहा. चालू औषधे, जुने आजार, कोणत्या औषधाने पुरळ आले होते ते. ॲडमिट करताना वही दाखवा.

२. इंजेक्शन, सलाईन किंवा रक्त लावताना विचारा, “सिस्टर, हे कशाचे आहे? नाव पाहिले ना?” चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही. रक्ताच्या पिशवीवरचे नाव आणि गट दोन जणांनी तपासणे हा नियमच आहे.

३. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर वाचून, समजून घेऊन सही करा. कोणती बाजू, कोणते ऑपरेशन, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगा.

४. स्ट्रेचरला हात लावावा लागला तर लावा, पण चार कामे करू नका. एमआरआयच्या दाराच्या आत लोखंडाची कोणतीही वस्तू नेऊ नका, मग कोणीही सांगो. ऑक्सिजनचा नॉब फिरवू नका. सलाईनचा वेग कमीजास्त करू नका. व्हेंटिलेटर किंवा मॉनिटरची पिन काढून मोबाईल लावू नका.

५. पेशंट वेगळाच वाटू लागला, श्वास वाढला, गुंगी वाढली, लघवी थांबली, तर “राउंडला सांगू” म्हणून थांबू नका. लगेच सांगा. सिस्टर गुंतल्या असतील तर हाऊसमनला गाठा.

६. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, मग वैद्यकीय अधिकारी, मग डीन किंवा अधीक्षक. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळायला हवीत. खासगी नर्सिंग होमनेही रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, असे राज्याचे २०२१ चे नियम सांगतात.

७. हात उचलू नका. २०१० च्या कायद्याप्रमाणे डॉक्टर-नर्सला मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. मार पडेल या भीतीने चूक झाकली जाते, आणि झाकलेली चूक पुढच्या घरात घुसते.

राहिला प्रश्न सिलेंडरचा. रात्री अकरा वाजता मामा नाही, पेशंटला धाप लागली आहे आणि कोणीतरी म्हणते, “तूच घे.” त्या क्षणी आपला मुलगा नाही म्हणणार नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून त्याला एवढे तरी माहीत असू द्या की कोणत्या दारापाशी थांबायचे. आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या दहा जणांनी मिळून डीनना एक अर्ज द्या: या वॉर्डात रात्री किती मामा असायला हवेत आणि काल किती होते? तुमचा अर्ज हीसुद्धा धोक्याची नोंदच आहे. जी आम्ही त्या रात्री केली नाही, ती तुम्ही करा.